परतावा, अनुदान आणि मराठी सिनेमाचा चेहरा

मागच्या वेळी आपण स्टुडिओंच्या काळापर्यंत येऊन थांबलो होतो. आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे, आणि विषय जरा कोरडा वाटेल: पैसा आणि सरकारी नियम. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कोरड्या विषयाची आम्हाला सवय आहे. तुम्ही थोडा धीर धरा.

न्यायशास्त्रात घड्याचं एक जुनं उदाहरण येतं. घडा कशामुळे झाला? माती हे त्याचं समवायी कारण. कुंभार, चाक, चाक फिरवायचा दांडा ही निमित्तकारणं. आणि ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव? नैयायिक म्हणतात, ते कारणच नव्हे, ते 'अन्यथासिद्ध'. माती गाढवावरून न येता बैलगाडीतून आली असती तरी घडा तोच झाला असता.

आपल्याकडे सिनेमाचा इतिहास लिहिताना पैशाला बहुतेक वेळा या गाढवाची जागा मिळते. दिग्दर्शक, लेखक, नट, गाणी यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, आणि 'निर्मात्याने कसेबसे पैसे उभे केले' हे एका ओळीत उरकलं जातं. जणू दुसरीकडून आले असते तरी चित्रपट तोच झाला असता. आम्हाला हे पटत नाही. पैसा, आणि त्या पैशामागचा सरकारी नियम, चाकाच्या जातीचा असतो. चाक कुठल्या वेगाने फिरलं याच्या रेघा घड्याच्या अंगावर राहतात. मराठी सिनेमाच्या अंगावरच्या त्या रेघा आज बघू या.

पहिली रेघ अगदी स्पष्ट दिसते, कारण ती फुटांत मोजलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म मिळेनाशी झाली. ती परदेशातून यायची आणि जहाजांना दुसरी कामं होती. सरकारने फिल्मवर नियंत्रण आणलं, परवाने सुरू केले आणि चित्रपटाच्या लांबीला अकरा हजार फुटांची मर्यादा घातली. अकरा हजार फूट म्हणजे पडद्यावर साधारण दोन तास. त्याआधी आपल्याकडे तीन-तीन तासांचे चित्रपट सर्रास निघत. एका हुकुमाने गाणी कमी झाली, उपकथानकं गळली. कथा आटोपशीर झाल्या याचं श्रेय काही समीक्षकांनी पुढे दिग्दर्शकांच्या अभिरुचीला दिलं. अभिरुची असेलही, पण तिच्या हातात सरकारी फूटपट्टी होती.

याच परवान्यांनी आणखी एक गोष्ट केली. परवाना हीच मालमत्ता झाली. युद्धात काळा पैसा कमावलेली मंडळी परवाना आणि दोन मोठे नट घेऊन निर्माते बनली. पगारी नट, पगारी तंत्रज्ञ, स्वतःची प्रयोगशाळा असा संसार चालवणाऱ्या कंपन्यांना ते परवडेना. 'प्रभात'सारखी संस्था फक्त भागीदारांच्या भांडणातून संपली असं सांगितलं जातं. भांडणं होतीच. पण भांडणं 'संत तुकाराम'च्या वेळीही असणार, तेव्हा संस्था टिकली ना? जमीनच सरकली होती. पुढे त्याच प्रभातच्या आवारात सरकारने १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट काढली. तिची शिफारस स. का. पाटील समितीने केली होती. समिती १९४९ साली नेमली गेली आणि १९५१ साली तिचा अहवाल आला. चित्रपटांना कर्ज देणारं महामंडळ हवं हेही तिनेच सांगितलं, आणि फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनही १९६० सालीच उभं राहिलं. अहवालापासून अंमलबजावणीपर्यंत नऊ वर्षं! सरकारी घड्याळाच्या मानाने हे वेगातच झालं म्हणायचं.

पण त्या मधल्या नऊ वर्षांत मराठी निर्मात्याने करायचं काय? १९५३ साली अत्र्यांनी 'श्यामची आई' काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, सगळीकडे कौतुक झालं. पदकावर पुढचा चित्रपट निघत नाही. पैसा येई तो वितरकाकडून, आणि वितरकाला माहीत असे की मुंबईतल्या मोठ्या थिएटरांत हिंदीसमोर आपली डाळ शिजत नाही. आपला धंदा पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्यांत, जत्रांत, तंबू टॉकीजमध्ये. मग जे तिथे चालतं तेच. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यानंतर फड, पाटील आणि लावणी यांचं पीक निघालं. मराठी मन मुळात तमाशात रमतं, असा समाजशास्त्रीय निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. आगाऊ रक्कम देणारा माणूस कुठे बसला होता ते आधी बघा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो: १९७५.

करमणूक कर हा आपल्याकडे फार जबर कर होता. महाराष्ट्रात तो कित्येक वर्षं तिकिटाच्या मूळ किमतीच्या बरोबरीचा होता. म्हणजे प्रेक्षकाने दिलेल्या पैशातला मोठा वाटा थेट सरकारी तिजोरीत. तरुण मंडळींना हे सांगितलं की खोटं वाटतं. १९८६ च्या ऑक्टोबरात मुंबईचा सगळा चित्रपट उद्योग करांविरुद्ध संपावर गेला होता तो उगाच नाही.

या कराच्या पैशातून मराठी चित्रपटाला मदत करायची म्हणून राज्य सरकारने १९७५ साली करपरतावा योजना आणली. तुमच्या मराठी चित्रपटावर जो करमणूक कर गोळा झाला, तो तुम्हाला परत मिळेल, पण कधी? तुम्ही पुढचा मराठी चित्रपट काढलात तर. रकमेवर मर्यादा होत्या, अटी होत्या, पण तत्त्व हे.

एका दृष्टीने ही योजना फार शहाणी होती. निर्मात्याने एक चित्रपट काढून पैसा खिशात घालून हिंदीत जाऊ नये, इथेच राहावं, कामगारांना काम मिळावं, हे तिने साधलं. एरवी बंद पडायला आलेला धंदा तिच्यामुळे चालू राहिला. याबद्दल तिचे आभार मानायलाच हवेत.

पण तिच्या पोटात काय आहे ते बघा. कर जमतो तिकीट खिडकीवर. ज्याचा चित्रपट जास्त चालला त्याचा कर जास्त आणि परतावाही जास्त. ज्याचा पडला त्याला परतावा नाही. ज्याने अजून एकही काढला नाही त्याला तर नाहीच नाही. म्हणजे मदतीचं माप मागचं यश, आणि मदत मिळण्याची अट पुढची निर्मिती. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या की निर्माता काय करेल? जे चाललं तेच पुन्हा काढेल, लवकर काढेल, स्वस्तात काढेल.

फ्रान्समध्ये याची जवळजवळ जुळी बहीण होती. १९४८ च्या कायद्याने तिथे तिकिटांवरच्या आकारणीतून निर्मात्याला त्याच्या मागच्या चित्रपटाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात मदत मिळे, आणि ती पुढच्या फ्रेंच चित्रपटातच घालावी लागे. परिणाम काय? जुने, जम बसलेले निर्माते, गाजलेल्या कादंबऱ्या, नावाजलेले नट. १९५४ साली तरुण त्रुफोने ज्या गुळगुळीत 'दर्जेदार' सिनेमावर तोफ डागली, त्याला या पैशाचं खतपाणी होतं. पण फ्रेंचांनी तिथे हात टेकले नाहीत. १९५९ पासून त्यांनी दुसरं दार उघडलं: नुसती पटकथा बघून, चित्रपट निघण्याआधी, भावी उत्पन्नावर आगाऊ रक्कम. पहिलाच चित्रपट काढणाऱ्यालाही ती मागता येई. आम्ही पहिलं दार उघडलं आणि दुसरं उघडायचं विसरलो.

आपल्याकडे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' १९७१ चा, म्हणजे परताव्याच्या आधीचा. त्याच्यासाठी दादरच्या कोहिनूर थिएटरसमोर शिवसेनेला उभं राहावं लागलं होतं. हिंदीसाठी मराठी चित्रपट उतरवायचा हा तेव्हाचा रिवाज. दादांची प्रतिभा परताव्याने निर्माण केली नाही. पण 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम' अशी वर्षामागून वर्ष त्याच नायकाची, त्याच नायिकेची, त्याच भाबड्या चावटपणाची जी साखळी तयार झाली, ती या व्यवस्थेत चपखल बसली. दादांकडून काही वेगळं मागण्याचं कारणच कोणाला उरलं नाही.

मग ऐंशीचं दशक. महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' १९८५ चा, सचिन यांचा 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. आम्ही या चित्रपटांची टिंगल करणाऱ्यांतले नाही. 'बनवाबनवी'ची घडण आजही अभ्यासावी अशी आहे. पण पडद्याकडे हिशेबनिसाच्या डोळ्यांनी बघा. एक बंगला, त्याचा दिवाणखाना, त्याची बाग. भाड्याच्या घराची भानगड, वेषांतर, गैरसमज, पकडापकडी. चार नट सतत एकाच चौकटीत, कारण प्रत्येकासाठी वेगळा शॉट लावायचा म्हणजे वेळ आणि फिल्म. संवाद भरपूर, कारण संवाद सगळ्यात स्वस्त. फार्स हा प्रकार आपल्या रंगभूमीवर होताच. पण तो दहा वर्षं पडद्याचा मुख्य प्रकार होऊन बसला, तो एका बंगल्यात आणि मोजक्या दिवसांत मावतो म्हणून. त्याच दशकात ज्या निर्मात्यांना कोठारे-सचिन यांची हातोटी नव्हती त्यांनीही तेच काढलं. ते चित्रपट आज कोणाला आठवत नाहीत, आणि ते बरंच आहे.

इथे आपल्या उपनगरांचा संबंध येतो. सरकारने १९७७ साली महामंडळ स्थापून गोरेगावला आरेच्या डोंगराशी चित्रनगरी वसवली. मराठी निर्मात्याला तिथे सवलत. कोल्हापूरचे स्टुडिओ थंडावत गेले आणि काम गोरेगाव, मढ, मालाड या पट्ट्यात सरकलं. तंत्रज्ञ, लाइटमन, मेकअपवाले अंधेरी ते बोरिवलीत घरं करून राहिले. भाषेवरही याचा परिणाम झाला. भालजींच्या कोल्हापुरातला रांगडा मराठी सूर मागे पडला आणि उपनगरी मध्यमवर्गाची बोली पडद्यावर आली. कुठल्या सरकारी कागदावर 'बोली बदला' असं लिहिलेलं नव्हतं. जमीन कुठे दिली एवढंच लिहिलं होतं.

'मग "सामना"चं काय, "सिंहासन"चं काय?' असा प्रश्न इथे हमखास येतो. रास्त आहे. 'सामना'चे निर्माते रामदास फुटाणे पेशाने चित्रकला शिक्षक. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट, आणि १९७५ साली तो बर्लिनच्या स्पर्धेत. एका शिक्षकाने अंगावर जोखीम घेतली म्हणून तो झाला. कुठल्याही योजनेने त्याला आधी एक पैसा द्यायची सोय नव्हती. 'घाशीराम कोतवाल' १९७६ साली तरुण दिग्दर्शकांच्या सहकारी संस्थेने बँकेचं कर्ज काढून केला. फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या त्या मुलांना धंद्याची पर्वा नव्हती, म्हणून त्यात असे लांबच लांब शॉट आहेत की कुठला वितरक ते पाहून झोपून गेला असता. पैसा आधी हाती आला की माणूस असं धाडस करतो. अर्थात चित्रपट लोकांपर्यंत पोचलाच नाही, हेही खरं. केंद्राच्या एनएफडीसीने १९९२ साली 'एक होता विदूषक'ला पैसे दिले. पुलंची पटकथा, जब्बारांचं दिग्दर्शन, आणि विषय काय, तर सोंगाड्याचं सत्तेच्या वळचणीला जाणं! असा चित्रपट परताव्याच्या गणितात सुचलाच नसता. पण एनएफडीसीला चित्रपट काढता येत होते, लावता येत नव्हते. ही त्या संस्थेची कायमची गोची.

पुढे मराठी चित्रपट करमणूक करातून मोकळाच झाला. परत करायला करच उरला नाही, तेव्हा परताव्याच्या जागी थेट अनुदान आलं. आणि २००१ साली सरकारने आणखी एक धोरण आणलं, जे मराठीसाठी नव्हतंच, पण ज्याने मराठीला सगळ्यात जास्त हलवलं. ते मल्टिप्लेक्सचं धोरण. नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं सवलत. इकडे मुलुंडचं मेहुल, घाटकोपरचं ओडियन, बोरिवलीचं जया अशी एकपडदा थिएटरं कर भरत बसली आणि शेजारी करमुक्त काचेचे महाल उभे राहिले. आता गंमत बघा. मराठी चित्रपट करमुक्त होता, म्हणून त्याचं तिकीट स्वस्त, हा त्याचा एकमेव फायदा होता. मल्टिप्लेक्समध्ये सगळेच करमुक्त! फायदा गेला. आठशे-हजार खुर्च्यांच्या थिएटरात पंधरा रुपयांच्या तिकिटाने शिट्ट्या मारणारा प्रेक्षक बाहेर राहिला.

पण त्याच इमारतीत दोनशे खुर्च्यांचा पडदाही होता. दोनशे माणसं जमली तरी 'हाउसफुल्ल'ची पाटी लागते. २००४ साली संदीप सावंत यांचा 'श्वास' आला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. मग 'वळू', 'जोगवा', 'विहीर', 'देऊळ'. कमी बोलणारे, थांबून बघणारे चित्रपट. आवाज कमी झाला तो दिग्दर्शकांची पिढी बदलली म्हणून, हे आहेच. पण छोट्या खोलीत ओरडावं लागत नाही, हेही आहे.

आणि अनुदान? ते देताना चित्रपटाची परीक्षा होते. समिती चित्रपट बघते, गुण देते, 'अ' दर्जाला चाळीस लाख, 'ब' दर्जाला तीस लाख अशी रक्कम ठरली. परताव्यात परीक्षक होता तालुक्याचा प्रेक्षक. इथे परीक्षक झाले समितीतले आमच्यासारखे लोक. चष्मा लावलेले, निवृत्त, सामाजिक आशयाला मान डोलावणारे. त्यामुळे एक नवा साचा तयार झाला. गावातला निरागस मुलगा, आजारी आजोबा, पाऊस न पडलेलं शेत, शाळेतला एक चांगला आणि एक वाईट मास्तर, आणि शेवटी डोंगराआड मावळणारा सूर्य, तोही सावकाश. यातले काही चित्रपट सुंदर आहेत. बाकीचे अर्जासारखे वाटतात. पाटलाचा वाडा आणि बंगल्याचा दिवाणखाना यांच्या जागी हे शेत आलं एवढंच. आणि लक्षात घ्या, हेही पैसे चित्रपट पूर्ण झाल्यावरच. परतावा असो की अनुदान, राज्याचा पैसा मराठी सिनेमाकडे नेहमी मागाहून आला. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी निर्मात्याच्या खिशात असतं ते सावकाराचं नाही तर मेव्हण्याचं. ज्याला दर महिन्याला व्याज मोजायचं आहे तो तीन शॉटच्या जागी एक घेतो, पावसाची वाट बघत नाही आणि शेवट बदलायला लगेच तयार होतो.

म्हणून ज्यांनी आधी पैसा दिला त्यांच्याकडे बघावं लागतं. वाहिन्यांनी दिला. झी टॉकीज २००७ साली सुरू झाली, चित्रपटांचे टीव्हीवरचे हक्क आधीच विकले जाऊ लागले, आणि त्याच घराण्याचा स्टुडिओ निर्मितीत उतरला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची लांबी जवळजवळ तीन तास आहे, आणि शेवटी पार्श्वसंगीतच नाही. हे धाडस मंजुळे यांचं. ते निभवायला लागणारी ऐपत स्टुडिओची. पण वाहिनीलाही स्वतःची आवड असते. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्याजोगं तिला हवं असतं. दर वर्षी 'सैराट' निघत नाही, कौटुंबिक विनोदी चित्रपट मात्र निघतो.

२०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने दुसऱ्या टोकाने प्रयत्न केला. मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळात मराठी चित्रपट लावलाच पाहिजे, अशी घोषणा झाली. केवढा गदारोळ! पॉपकॉर्न की वडापाव यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. काही दिवसांत वेळ बारा ते नऊ अशी सैल झाली. वर्षाला मराठीचे किमान ११२ आणि पुढे १२४ खेळ ही अट आधीपासून होतीच. अशा सक्तीने काय होतं याचा धडा इंग्लंडने दिलेला आहे. १९२७ च्या कायद्याने तिथे ब्रिटिश चित्रपटांचा कोटा ठरवला, आणि अमेरिकन कंपन्यांनी तो भरायला फुटाला अमुक पौंड या दराने रद्दी चित्रपट काढून घेतले. उलट दक्षिण कोरियाने वर्षाला १४६ दिवसांचा कोटा कित्येक वर्षं टिकवला, २००६ साली तो निम्मा केला, आणि त्यांचा सिनेमा तरीही जगभर गेला. कारण तिथे कोट्याच्या मागे भांडवल उभं होतं. आपल्याकडे मागणीची सक्ती केली, पण पुरवठ्याला आधी पैसा दिला नाही. सकाळी दहाच्या खेळाला मुलुंडहून ठाण्याला जाऊन मराठी चित्रपट बघणारे आमच्या वयाचे लोक सोडले, तर त्या १२४ मधले बरेच खेळ रिकाम्या खुर्च्यांसमोर झाले असणार.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक करच त्यात विरून गेला. मराठी चित्रपट आता हिंदीइतकाच कर भरतो. राज्याने मनात आणलं तर आपल्या वाट्याचा कर सोडू शकतं. २०२० साली 'तान्हाजी'साठी तसं केलंही, आणि तो चित्रपट हिंदी होता! १९७५ पासून जे हत्यार आपण कमीजास्त वापरत होतो ते हातात राहिलं नाही. त्याच्या जागी काय आणायचं याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होताना दिसत नाही. अनुदानाची रक्कम वाढवा, एवढीच मागणी ऐकू येते.

आमची मागणी वेगळी आहे. आहे त्याच रकमेतला काही भाग चित्रपट निघण्याआधी, पटकथेवर द्या, आणि तोही ज्यांनी अजून काहीच काढलेलं नाही त्यांना. बुडेल त्यातला बराचसा. बुडू दे. पश्चिम बंगाल सरकारने 'पथेर पांचाली'ला पैसे दिले तेव्हा ते रस्तेसुधारणेच्या खात्यात दाखवले होते, असं सांगतात. नावात 'पथ' होता ना! त्या खात्यातून झालेल्या खऱ्या रस्त्यांपैकी किती आज शिल्लक असतील?

चैतन्य ताम्हाणे या मुंबईच्या तरुणाने 'कोर्ट' लिहायला घेतला तेव्हा त्याच्या नावावर एकही पूर्ण लांबीचा चित्रपट नव्हता. विवेक गोम्बर या त्याच्या नट-मित्राने पैसे घातले आणि निर्माता झाला. पटकथेच्या टप्प्यावरची मदत रॉटरडॅमच्या महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स फंडातून आली. म्हणून त्या चित्रपटात कॅमेरा हलत नाही, न्यायालयाचा कंटाळा कंटाळ्याइतकाच लांब दिसतो, आणि कसलेल्या नटांच्या जोडीला कधीही कॅमेऱ्यासमोर न आलेली माणसं आहेत. मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयावरच्या, मराठी शाहिराच्या खटल्यावरच्या चित्रपटासाठी हॉलंडमधून पैसे यावे लागले, आणि तो झाल्यावर २०१५ साली सुवर्णकमळ आपण दिलं. मागाहून.

वेळ झाली आहे. दूरदर्शनच्या पैशाचं राहिलं, ते पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा, आणि मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने विचारा.